पेन ऑनलाइन: रसायन सीमेपलीकडे जाण्याआधी शेजाऱ्याला वर्दी देणारी सेवा, आणि तिचं घोडं कुठे पेंड खातं

एफेड्रिन हायड्रोक्लोराइडचे २५ किलोचे वीस ड्रम न्हावा शेवाहून जहाजावर चढण्याआधी, ते ज्या देशात उतरणार तिथल्या सरकारकडे त्याची वर्दी गेलेली असते. ही वर्दी पोचवणारी संगणकीय सेवा म्हणजे ‘पेन ऑनलाइन’, म्हणजे निर्यातीच्या पूर्वसूचनेची यंत्रणा. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ (आयएनसीबी) ती मार्च २००६ पासून चालवतं. सरकारांना ती फुकट आहे आणि १६० हून जास्त देशांनी तिथे नोंदणी केली आहे. कंपनीला मात्र तिथे लॉगइन मिळत नाही. नियंत्रित रसायन तुमचं, ऑर्डर तुमची, कंटेनरचं भाडं तुमच्या खिशातून; पण बोलणं चालतं ते दोन सरकारांत. म्हणून हे परीक्षण दोन बाजूंनी करावं लागतं. तस्करी रोखायला सेवा किती कामाची आहे, आणि प्रामाणिक निर्यातदाराचा माल तिच्यामुळे किती अडतो.

आधी तिचा पाया काय ते पाहू. १९८८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातलं कलम १२ अमली पदार्थ बनवायला लागणाऱ्या कच्च्या रसायनांसाठी आहे. रसायनं दोन तक्त्यांत विभागली आहेत. पहिल्या तक्त्यात मेथॅम्फेटामिनसाठी वापरली जाणारी एफेड्रिन आणि स्यूडोएफेड्रिन, हेरॉइनसाठी वापरलं जाणारं ॲसेटिक अनहायड्राइड, कोकेनच्या शुद्धीकरणात लागणारं पोटॅशियम परमँगनेट वगैरे. दुसऱ्यात ॲसिटोन, टोल्यूइन, सल्फ्युरिक ॲसिड, हायड्रोक्लोरिक ॲसिड यांसारखी टँकरने फिरणारी रसायनं. आयात करणाऱ्या देशाने रीतसर मागणी केली असेल, तर पहिल्या तक्त्यातला माल निघण्याआधी निर्यात करणाऱ्या देशाने त्याला कळवायचंच, असं हे कलम सांगतं. काय कळवायचं तेही ठरलेलं आहे: निर्यातदार, आयातदार आणि माहीत असेल तर अंतिम माल घेणारा यांची नावं-पत्ते, रसायनाचं नाव, प्रमाण, माल कुठल्या ठिकाणी देशात शिरणार आणि कुठल्या तारखेला निघणार. २००६ पूर्वी हा सगळा मजकूर फॅक्सने आणि टपालाने जायचा. फॅक्स कुणाच्या टेबलावर पडला याचा पत्ता लागायचा नाही. पेन ऑनलाइनने केलं ते इतकंच, की त्या पत्राला पोचपावती जोडली. पाठवलं कधी, उघडलं का, उत्तर काय, सगळं दिसतं. आणि ते व्हिएन्नातल्या मंडळालाही दिसतं.

या शेवटच्या सोयीचं मोल मोठं आहे. शेजारी देशांचे द्विपक्षीय करार कागदावर भरपूर असतात. भारत आणि म्यानमारचा करार १९९३ चा आहे. आपल्या एनसीबीने (केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण ब्यूरोने) पाकिस्तानच्या अँटी नार्कोटिक्स फोर्सबरोबर २०११ मध्ये सामंजस्य करार केला. सार्कचा अमली पदार्थविषयक करार १९९० मध्ये मालेत झाला आणि १९९३ मध्ये अमलात आला. माहितीच्या देवाणघेवाणीसाठी कोलंबोत त्याचा एक कक्षही आहे. पण असल्या करारांत बैठक व्हावी लागते आणि बैठक होण्यासाठी संबंध बरे असावे लागतात. पेन ऑनलाइनला बैठक लागत नाही. दोन शेजाऱ्यांचं राजकीय पातळीवर एकमेकांशी पटत नसलं, तरी खालच्या टेबलावरचा अधिकारी व्हिएन्नामार्फत पूर्वसूचना पाठवू शकतो आणि समोरचा ‘हा आयातदार आमच्याकडे नोंदलेलाच नाही’ असं दोन ओळींत कळवू शकतो. या एका गुणासाठी सेवेला पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.

भारतातून माल कसा जातो ते क्रमाने पाहू, कारण गाडं कुठे अडतं ते त्याशिवाय कळत नाही. इथली सक्षम यंत्रणा म्हणजे ग्वाल्हेरचा केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो (सीबीएन). एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायदा १९८५ चा, आणि त्याच्या कलम ९अ खाली २०१३ चा नियंत्रित पदार्थ आदेश. आदेशाच्या अनुसूची अ मध्ये ॲसेटिक अनहायड्राइड, एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, अँथ्रॅनिलिक ॲसिड अशी रसायनं आहेत. ती बनवायला, विकायला, घ्यायला, साठवायला वा वापरायला एनसीबीच्या विभागीय संचालकाकडून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि दर तिमाहीला विवरण द्यावं लागतं. अनुसूची ब निर्यातीची आणि क आयातीची. निर्यातीला सीबीएनचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि तेही खेपेगणिक वेगळं. मागच्या महिन्याचं प्रमाणपत्र या महिन्याच्या खेपेला चालवता येत नाही. नियम मोडला तर कलम २५अ लागतं: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, कारणं नोंदवून न्यायालय दंड वाढवूही शकतं. त्यामुळे ‘कागद नंतर देतो, आधी कंटेनर गेटमध्ये घ्या’ हा बाकी मालात चालणारा खाक्या इथे तुरुंगाच्या दारात नेतो.

कंपनी सीबीएनकडे अर्ज करते. सोबत परचेस ऑर्डर, आयातदार देशाची परवानगी, नोंदणी क्रमांक, आयात-निर्यात कोड अशी कागदपत्रं. सीबीएन त्यावरून पेन ऑनलाइनमध्ये पूर्वसूचना भरते, उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख टाकते आणि समोरच्या देशाच्या यंत्रणेकडे पाठवते. तिकडचा अधिकारी आपल्या नोंदी पाहून हरकत आहे की नाही ते कळवतो. हरकत नसेल तर प्रमाणपत्र निघतं, मग शिपिंग बिल, मग बंदर. माल आपल्याकडे येणार असेल तर हेच उलट दिशेने होतं आणि उत्तर द्यायची जबाबदारी सीबीएनवर येते.

आता दुखणी. सगळ्यात जास्त हरकती तस्करीमुळे येतात असा समज आहे, तो खरा नाही. बऱ्याच हरकती निव्वळ कागदी असतात: आयातदाराचा परवाना संपलेला, नोंदणी व्हायची राहिलेली, परवानगीवरचं प्रमाण खेपेपेक्षा कमी. यातल्या निम्म्या चुका इथेच, अर्ज भरतानाच टळू शकतात.

वजनाचंच घ्या. एफेड्रिनचा व्यापार क्षाराच्या (हायड्रोक्लोराइड, सल्फेट अशा आम्लाशी जोडलेल्या रूपाच्या) वजनात होतो, पण आंतरराष्ट्रीय हिशेब बहुतेकदा शुद्ध बेसच्या, म्हणजे त्यातल्या नुसत्या एफेड्रिनच्या, वजनात मांडला जातो. एफेड्रिन बेसचा रेणुभार १६५.२, हायड्रोक्लोराइडचा २०१.७, म्हणजे गुणक ०.८२. वर सांगितलेले वीस ड्रम ५०० किलोचे, पण बेस म्हणून ते सुमारे ४१० किलो. स्यूडोएफेड्रिन हायड्रोक्लोराइडला हाच गुणक लागतो, कारण रेणुसूत्र एकच. सल्फेट असेल तर मात्र ०.७७, म्हणजे ५०० किलोचे ३८५. आयातदार देशाने परवानगी ४१० किलोची दिली आणि तुमच्या इनव्हॉइसवर ५०० दिसले की तिकडचा कारकून ९० किलो जास्तीचे समजतो. त्याची चूक नाही. पूर्वसूचनेत क्षाराचं नाव नीट न लिहिणाऱ्याची आहे. ‘एफेड्रिन’ एवढंच लिहून थांबू नका. क्षार लिहा, निव्वळ वजन लिहा, बेसचं वजनही लिहा.

ॲसेटिक अनहायड्राइडची भानगड निराळी. त्याची घनता लिटरला सुमारे १.०८ किलो. काही देश परवानगी लिटरमध्ये देतात, इथलं इनव्हॉइस किलोत. १०,००० लिटर म्हणजे १०,८०० किलो. वरच्या ८०० किलोंचा खुलासा अर्जात नसेल तर तेवढ्यासाठी खेप आठवडाभर लटकते. शिवाय धोकादायक मालाच्या यादीत हा यूएन १७१५, वर्ग ८ चा, म्हणजे दाहक, आणि ज्वलनशीलतेचा दुय्यम धोका असलेला. जहाज कंपन्या त्याला सहज जागा देत नाहीत, आणि जागा हुकली की पूर्वसूचनेतली तारीख शिळी होते. सीमाशुल्कासाठीचा एचएस कोडही तपासून घ्या: अनहायड्राइडचा २९१५.२४, एफेड्रिनचा २९३९.४१, स्यूडोएफेड्रिनचा २९३९.४२. शेवटचे दोन शेजारी असल्यामुळे अदलाबदल होते आणि ती अदलाबदल सीमाशुल्काच्या संगणकावर खोटी घोषणा म्हणून उमटते.

तिसरं दुखणं मधल्या माणसाचं. ऑर्डर एका देशातल्या ट्रेडिंग कंपनीची, माल उतरणार दुसऱ्या देशात, वापरणार तिसरा. पूर्वसूचनेत या तिघांची वेगवेगळी नोंद हवी. ट्रेडरलाच आयातदार दाखवलं की सूचना भलत्याच देशाकडे जाते; ज्या देशात ड्रम उतरणार तो अंधारात राहतो. तस्करांचीही ही आवडती वाट आहे, त्यामुळे अशा खेपेकडे अधिकारी संशयाने पाहणारच. अंतिम वापर करणाऱ्याचं स्वतःच्या लेटरहेडवरचं पत्र, त्यात रसायन कशासाठी आणि वर्षाला किती, हे आधीच जोडलं तर प्रश्नोत्तरांची एक फेरी वाचते.

‘वर्षाला किती’ हा आकडा नुसता शोभेचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाच्या २००६ च्या ठराव ४९/३ नुसार देश आपली एफेड्रिन, स्यूडोएफेड्रिन, पी-२-पी आणि ३,४-एमडीपी-२-पी (शेवटची दोन मेथॅम्फेटामिन आणि एक्स्टसीची कच्ची रसायनं) यांची वर्षभराची कायदेशीर गरज मंडळाला कळवतात आणि मंडळ ती छापतं. ऑर्डर घेण्यापूर्वी हा तक्ता उघडून पाहणं कुणालाही जमण्यासारखं आहे. सर्दीच्या गोळ्या बनवणारा एकही मोठा कारखाना नसलेल्या देशातून अचानक काही टन स्यूडोएफेड्रिनची मागणी आली आणि त्या देशाची जाहीर गरज काही किलोंची असेल, तर ऑर्डर कितीही चांगल्या भावाची असो, तिच्यात पाणी मुरतंय. अफगाणिस्तानने तर ॲसेटिक अनहायड्राइडची आपल्याला कायदेशीर गरजच नाही असं कळवलेलं आहे. त्या पत्त्यावरची ऑर्डर म्हणजे धोक्याची घंटाच. २००८ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव १८१७ केला तो अफगाणिस्तानकडे जाणारी ही रसायनं अडवण्यासाठीच, आणि त्याचा भार साहजिकच शेजाऱ्यांवर होता.

सेवेची खरी उणीव मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती पलीकडच्या खुर्चीत आहे. सूचना गेली, उघडली गेली नाही, तारीख उलटली, मग काय? यंत्रणा मौनाला होकारही म्हणत नाही आणि नकारही. निर्णय निर्यात करणाऱ्या देशावर सोडलेला आहे. काही देश तारीख उलटली की माल सोडतात. चांगली यंत्रणा फोन करते, दूतावासामार्फत विचारते, मंडळाला मध्ये घालते. मंडळाच्या सचिवालयाला सगळ्या सूचना दिसत असल्यामुळे ते स्वतःहूनही एखादी खेप थांबवून चौकशी करायला सांगू शकतं, आणि सांगतंही. पण त्यालाही उत्तर देणारा माणूस लागतो. छोट्या देशांत हे काम आरोग्य खात्यातल्या एकाच अधिकाऱ्याकडे असतं. त्याची बदली झाली, पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, सूचना साचत राहिल्या. मंडळ सक्षम यंत्रणांची संपर्कयादी ठेवतं, ती ताजी ठेवण्याची जबाबदारी मात्र ज्याच्या त्याच्या सरकारवर. पाचपैकी गुण द्यायचे तर इथे दोनच.

हरकत नोंदवून गप्प बसणं हा त्याचाच दुसरा प्रकार. ‘आयातदार अस्तित्वात नाही’ असं एका देशाने कळवलं, खेप थांबली, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ऑर्डर देणारा कोण होता याचा माग कुणी काढला नाही, तर तोच माणूस पुढच्या महिन्यात शेजारच्या देशाचा पत्ता टाकून ऑर्डर देतो. थांबवलेली खेप हा तपासाचा धागा आहे, शेवट नव्हे, हे मंडळ आपल्या अहवालांतून वारंवार बजावत असतं.

शिवाय पेन ऑनलाइनला फक्त तेच दिसतं जे कुणीतरी घोषित केलं आहे. देशात विकत घेऊन चोरवाटेने बाहेर गेलेला माल तिच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. भारत-म्यानमार सीमा १,६४३ किलोमीटरची. मणिपुरातलं मोरे आणि मिझोरामचा चंफाई जिल्हा या वाटांनी स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या म्यानमारच्या शान राज्यातल्या मेथॅम्फेटामिनच्या भट्ट्यांकडे जाताना पुन्हा पुन्हा पकडल्या गेल्या आहेत. त्या गोळ्या देशी घाऊक बाजारातून उचललेल्या. निर्यातीचा अर्जच नाही तर पूर्वसूचना कशाची? महाराष्ट्रातलं उदाहरण सोलापूरचं. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या एका कारखान्यातून सुमारे १८ टन एफेड्रिन ताब्यात घेतलं. माल आफ्रिकेत पाठवायचा बेत होता, असा पोलिसांचा आरोप होता. असला साठा पकडायचा तर स्टॉक रजिस्टर, तिमाही विवरण आणि प्रत्यक्ष गोदाम यांचा ताळा घ्यावा लागतो. व्हिएन्नाचा संगणक तिथे काही कामाचा नाही.

तक्त्यांबाहेरची रसायनं ही आणखी मोठी फट. जुलै २०२० मध्ये लाओसमध्ये सुवर्ण त्रिकोणाकडे (म्यानमार, लाओस, थायलंडच्या सीमेवरच्या अमली पदार्थांच्या पट्ट्याकडे) निघालेलं सुमारे ७० टन प्रोपिओनिल क्लोराइड पकडलं. हे रसायन आंतरराष्ट्रीय तक्त्यांत नाही, म्हणजे कुणी कुणाला कळवण्याचं बंधनच नव्हतं. तस्कर तक्ता वाचूनच पुढची चाल ठरवतात. म्हणूनच आयोगाला २०२४ मध्ये एका दमात १८ रसायनं तक्त्यात घालावी लागली, त्यांत एकाच कुळातली अनेक भावंडं आधीच अडवून ठेवली. अशा तक्त्याबाहेरच्या मालासाठी मंडळाने ‘पेन ऑनलाइन लाइट’ नावाची ऐच्छिक जोडसेवा सुरू केली. कल्पना चोख आहे, पण ऐच्छिक गोष्टीला आपल्याकडे आणि इतरत्रही जे होतं ते इथेही होईल अशी धास्ती वाटते. आणि अफगाणिस्तानात गेल्या काही वर्षांत मेथॅम्फेटामिन रानटी एफेड्रा झुडपापासून बनू लागलं, त्यापुढे तर सगळेच तक्ते हात टेकतात. डोंगरावरून मोळी उतरवायला कुणाची एनओसी लागत नाही.

या फटींसाठी मंडळाची दुसरी सेवा आहे: ‘पिक्स’, मार्च २०१२ पासून. पेन माल निघण्याआधी बोलतं, पिक्स माल पकडल्यावर. एका देशाने ड्रम पकडले की लेबल, बॅच क्रमांक, पॅकिंग, वाहतुकीची वाट ही माहिती तो तिथे टाकतो. उगमाचा, वाटेतला आणि मुक्कामाचा, तिन्ही देशांतल्या नोंदलेल्या अधिकाऱ्यांना ती लगेच दिसते. इथे पोलीस, सीमाशुल्क आणि औषध नियंत्रण एकाच खिडकीशी येतात, जे एरवी एका देशातही अवघड. लेबल खरवडलेलं असलं तरी ड्रमच्या तळाचा साचा-शिक्का, झाकणाचं सील, आतल्या पिशवीची शिवण यांचे फोटो उपयोगी पडतात. उणीव अशी की फोटो न टाकता नुसतं ‘२०० किलो पांढरी पूड’ असं लिहिणारेही असतात, आणि त्यावरून जगातला कुणीही काही शोधू शकत नाही. पेनपेक्षा तपासाला पिक्स जास्त उपयोगाचं, हे स्पष्ट सांगायला हवं.

प्रादेशिक पर्यायांत कझाकस्तानातल्या अल्माटीचं कॅरिक हे अमली पदार्थविषयक माहितीचं केंद्र लक्ष देण्याजोगं. मध्य आशियातले देश, रशिया आणि अझरबैजान यांचे अधिकारी तिथे एका इमारतीत बसतात, त्यामुळे ‘उत्तर आलं नाही’ ही सबब तितकीशी चालत नाही. मेकाँग खोऱ्यातल्या सहा देशांचा १९९३ चा सामंजस्य करारही अजून जिवंत आहे. आपल्या उपखंडात तशी एका छताखालची व्यवस्था नाही, म्हणून पेन आणि पिक्सवरचा भार जास्त.

निर्यातदारांना शेवटचं. जहाज हुकलं, बंदर बदललं, ५०० ऐवजी ४७५ किलोच भरले गेले, तर सीबीएनला लगेच लेखी कळवा. सीएचएवर (सीमाशुल्काचं काम पाहणाऱ्या एजंटवर) सोडून देऊ नका, त्याला शिपिंग बिल दिसतं, पूर्वसूचना दिसत नाही. माल गेल्यावर शिपिंग बिल आणि बिल ऑफ लॅडिंगच्या प्रती पाठवा. ऑर्डर रद्द झाली तर तेही कळवून पूर्वसूचना बंद करून घ्या. नाहीतर न गेलेली खेप समोरच्या देशाच्या वर्षाच्या हिशेबात आलेली धरली जाऊ शकते, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्याच आयातदाराची खरी ऑर्डर ‘वार्षिक गरज संपली’ म्हणून परत येते.